हाडं दिसणारी कुत्री

लग्नात माहेरून भांडीकुंडी आणली, तशी मी कारवान जातीची एक कुत्रीही आणली. चिखलीच्या सासरी बायकांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि तोंडाला पदर लावला. दोघीही काडीपैलवान!

पन्नासच्या दशकातली सून मी, मान खाली घालून वावरायची. पण कुत्रीला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं. माझे वडील मंगळवेढ्याकडचे शेतकरी, शिकारीचे नादी. ते सांगत, ही जात घोड्या-उंटांच्या तांड्यांबरोबर परमुलखातून दख्खनात आली, म्हणून तिला कारवान म्हणायचं. राजेरजवाड्यांनी ती मिरवली असेल. टिकवली मात्र मेंढपाळांनी आणि आमच्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी. लांबट तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. वास हुंगत बसायची नाही, ससा नजरेत आला की सुटलीच. आणि कमरेची हाडं वर दिसलीच पाहिजेत. ती दिसेनाशी झाली की कुत्री कामातून गेली.

हे गावाला कोण सांगणार? विहिरीवर बायका सासूबाईंना म्हणाल्या, "मुक्या जनावराला उपाशी ठेवताय व्हय?" सासूबाईंना ते फार लागलं. घराण्याची अब्रू! माझ्या नकळत त्या तिला ताकात कुस्करलेली भाकरी घालू लागल्या, आणि तिची कमरेची हाडं दिसेनाशी झाली. सुगी झाल्यावर पुरुषमंडळी सशाच्या शिकारीला गेली, तेव्हा आमची कुत्री गावठी कुत्र्यांच्याही मागं राहिली. सगळे हसले.

सासऱ्यांना ते हसणं झोंबलं. पिंपरीकडं नवा कारखाना उठत होता. तिथल्या रखवालदाराला फाटकाशी बांधायला कुत्रं हवं होतं. पौर्णिमेला घेऊन जा, असा शब्द सासऱ्यांनी देऊन टाकला. साखळीला बांधलेली कारवान! मला रडू आलं आणि रागही आला. रागच जास्त.

मी सासूबाईंच्या हातातलं ताट काढून घेतलं. "आत्याबाई, खाऊ घालून मारताय तुम्ही हिला," असं तोंडावर म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पदर खोचून तिच्याबरोबर ज्वारी काढलेल्या रानातून धावू लागले. सून रानात धावते म्हणून गावभर बोभाटा झाला. होऊ दे. सासूबाई बांधावर उभ्या राहून बघायच्या. एका सकाळी त्यांच्या समोरच ससा उठला. कुत्री अशी सुटली की तिचे पाय जमिनीला लागताना दिसेनात. ससा शेवटी काटेरी कुपाटीत निसटला, आणि ती अंग खरचटून परत आली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कमरेची हाडं पुन्हा वर आली होती.

पौर्णिमेला रखवालदार साखळी घेऊन आला. मी दारात आडवी उभी राहिले. तो हसला. "हीच व्हय, सुनंसंगं रानात धावणारी?"

"शब्द दिलाय मी," सासरे ओसरीवरून म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई मला बाजूला सारून पुढं झाल्या.

"तुमी दिलाय, मी न्हाई," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. मग रखवालदाराकडं वळल्या. "व्हय, हीच ती. आमच्या घरात कुत्रीबी धावती आन् सूनबी धावती. तुझं काय जातंय?"