काजळअक्काच्या प्लेटा

२०२२ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. त्या वयात माझ्यावर ओरडायची छाती अख्ख्या बेंगळुरात एकाच माणसाची होती, आणि ती बाई माझ्या थोरल्या लेकीपेक्षा लहान होती.

तिला आम्ही काजळअक्का म्हणायचो. बेंगळुराबाहेर होसकोटेच्या एका शेडमध्ये ती बोअरच्या खाऱ्या पाण्यातून मीठ ओढून घेणाऱ्या प्लेटा बनवायची. भट्टीत गॅस सोडला की पातळ पत्र्यावर कार्बनच्या नळ्या उगवायच्या, इतक्या बारीक की डोळ्याला दिसायचं ते नुसतं काळं. ते काळं तिच्या नखांत मुरलं होतं, साबणाला दाद देत नव्हतं. ती चिकोडीची, मी निपाणीचा. नोकरी मागायला गेलो तेव्हा आपण होऊनच सांगितलं, "शाळा चौथीपर्यंत." "सरी, चालतंय," ती म्हणाली, "पाना धरता येतो नव्हं?" सगळा जन्म लेथवर काढलेल्या माणसाला हे विचारणं! मी उठणारच होतो. का उठलो नाही, ते अजून सांगता येत नाही.

पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. दोन प्लेटा समोरासमोर ठेवायच्या, मधल्या फटीतून पाणी जाऊ द्यायचं आणि चारी बाजूंनी बोल्ट आवळायचे. मी माझ्या सवयीनं करकचून आवळले. "मामा, ट्रकचं चाक बसवताय काय?" सगळ्या शेडसमोर! मी पाना टाकून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन आली. "राग जेवल्यावर धरा," म्हणाली, आणि माझ्या हातावर भाकरी ठेवून सांगायला लागली. नळ्या पत्र्यावर उभ्या पाहिजेत, शाळूच्या रानासारख्या. वीज सोडली की पाण्यातलं मीठ त्यांच्या मधे शिरून चिकटतं. जास्त दाबलं की रान आडवं झालं. "आडव्या रानात मीठ कुठनं शिरणार, मामा?" शाळू म्हटल्यावर मला कळलं. कळलं असं मी म्हटलं मात्र नाही.

रान दाट करावं की विरळ, नळ्या उंच ठेवाव्यात की बुटक्या, ह्यापलीकडं तिच्या डोक्यात दुसरं काही नसायचं. दाट केलं तर पाणी आत पोचत नाही, विरळ केलं तर मीठ धरायला जागा उरत नाही. चहाच्या कागदी कपावर तिची चित्रं असायची. एकदा माझं बोट कापलं, तिनं पट्टी बांधली आणि त्या पट्टीवरच नळ्या काढून बघत बसली. "हात हलवू नका," असं वर मलाच बजावलं.

विजेच्या बटणाला तिनं कुणाचा हात लागू दिला नाही. वीज अगदी थोडी लागायची, टॉर्चच्या एका सेलपेक्षाही कमी. वाढवली तर पाण्यातलं मीठ मोजणाऱ्या मीटरचा आकडा भराभर उतरतो, पण पाणीच फुटायला लागतं, बुडबुडे येतात आणि कार्बन खाल्ला जातो. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिला कॅन्सर निघाला. केमो घेऊन, डोक्याला रुमाल बांधून ती कामावर यायची. मी एकदा म्हटलं, "अक्का, स्वल्प वाढवून उरकून टाका की." ती म्हणाली, "घाई मला आहे मामा, पाण्याला नाही."

पावसाळा सरता सरता एक जोडी जमली. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी नव्हे, शेडचंच गढूळ, खारट बोअरचं पाणी, आणि तरी आकडा रोज तेवढाच खाली यायचा. "ही वर्षभर टिकू दे, मग मी मोकळी," अक्का म्हणायची. आम्ही दोघं सकाळी आधी त्या जोडीकडं बघायचो, मग एकमेकांकडं.

तिचा पार्टनर पुण्याचा. ऑफिस कोरमंगलात, शेडमध्ये आला की आधी बूट पुसायचा. एकदा व्हाइटफील्डच्या सोसायट्यांचे पाहुणे तो मशीन दाखवायला घेऊन आला. त्याच जोडीवर आकडा आपल्या चालीनं उतरत होता आणि पाहुणे मोबाइल बघत होते.

"अक्का, बी प्रॅक्टिकल. थोडं वाढवू. डेमो आहे, संसार नाही."

"मग डेमोपायी संसार जाळू नकोस."

तेवढ्यात उलटी आली म्हणून ती बाहेर धावली, आणि ह्यानं बटण फिरवलं. मी पाण्याचा पाइप धरून पलीकडं उभा. "अहो!" म्हणून ओरडलो, तोवर आकडा झरझर उतरला आणि टाळ्या पडल्या. अक्का आत आली. मीटरकडं तिनं बघितलंच नाही. काचेच्या नळीतले बुडबुडे बघितले आणि मेन स्विच पाडला.

"आत्ता दिसलं तसं पाणी तुम्हाला महिन्यानं मिळणार नाही," तिनं पाहुण्यांना सांगितलं. "मशीन घेऊ नका."

पाहुणे गेले. "शेड बंद पडली समजा," पार्टनर म्हणाला. ती त्याच्यावर ओरडली नाही. मला भीती वाटली ती तेव्हा. संध्याकाळी प्लेटा धुतल्या तर धुवणातून काळं आलं. सगळं रान उपटून निघत होतं. "परत लावू," अक्का म्हणाली. तिला तेवढा वेळ नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

संक्रांतीच्या आधी ती गेली. स्मशानात पार्टनर रडला. खोटं कशाला सांगू, खराच रडला. परतताना गाडीत डोळे पुसून म्हणाला, "मामा, उद्या नवे पाहुणे आहेत. त्याच प्लेटा लावून ठेवा, वीज वाढवली की घटकाभर चालतात. अक्काचा फोटो लावू, हार घालू. तिचंच तर स्वप्न होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी शेड उघडली. पाहुण्यांसाठी टेबलावर पांढरं कापड घालून ठेवलं होतं. मी एकेक बोल्ट सोडला, प्लेटा काढल्या आणि त्या कापडावर मांडल्या, काळं झडून पत्रा उघडा पडलेली बाजू वर करून. मग समोरच्या खुर्चीत पाना मांडीवर घेऊन बसलो आणि पाहुण्यांची वाट बघत राहिलो.