बोल्ट बसले म्हणजे चाक बसत नाही

देवळ्याची मोहिनी लग्न होऊन नाशकात आली तेव्हा तिला मोटार येत नव्हती, पण ट्रॅक्टर येत होता. कांद्याच्या हंगामात चालवायला माणूस मिळेना, म्हणून वडलांनी लेकीलाच सीटवर बसवलं होतं. सासरी ही गोष्ट बरीच वर्षं हसण्यावारी जात असे. मग तिचा नवरा दिनेश अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीत कामाला होता, ती बंद पडली. दिनेश छताकडे बघत पडून राहू लागला आणि मोहिनीनं सिडकोतल्या घरातून कामगारांसाठी जेवणाचे डबे सुरू केले. आधी रिक्षानं डबे जायचे. दोन हजार तीनच्या सुमाराला तिनं एक जुनी मारुती व्हॅन घेतली आणि स्वतःच चालवू लागली. बाई व्हॅन घेऊन आली म्हणून कंपन्यांचे वॉचमन बाहेर येऊन बघत. पुढे त्यांना सवय झाली. दिनेश मात्र शेजारी बसला की ब्रेक दाबल्यासारखा उगाच पाय ताणायचा.

एकदा खड्ड्यात पुढचं चाक आदळलं आणि त्याची रिम वाकली. एकच रिम बदलायची होती. दिनेश तिला त्याच्या ओळखीच्या शेखर शेठच्या दुकानात घेऊन गेला. दुकानभर चकचकीत मॅगव्हील, मिश्रधातूची नक्षीदार चाकं, टांगलेली.

"एक कशाला बदलता दिनेशभाऊ? चारही टाका. गाडी उठून दिसेल," शेखर म्हणाला.

"पण ती आमच्या व्हॅनच्या मापाची आहेत का?" मोहिनीनं विचारलं.

शेखरनं उत्तर दिलं ते दिनेशकडे बघून. "भोकं जुळतात ना? बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं."

"मी विचारलं, मी," मोहिनी म्हणाली.

"अगं, त्यांचा धंदाच आहे तो," दिनेश म्हणाला. तिचे डबे खोळंबले होते. तिनं होकाराची मान डोलावली, आणि तिची जुनी लोखंडी चाकं दुकानाच्या मागे गेली.

दुसऱ्याच दिवशी स्टेअरिंग थरथरायला लागलं. व्हॅन डब्यांनी भरलेली असली आणि पूर्ण वळण घेतलं, की टायर आत मडगार्डला घासे. चाकंही पत्र्याच्या बाहेर आलेली दिसत होती. ती दुकानात परत गेली. शेखर चाकाजवळ वाकलासुद्धा नाही.

"ताई, तुम्ही स्टेअरिंग फार घट्ट धरता. लेडीज लोकांचं तसंच असतं. भाऊंना चालवू द्या दोन दिवस."

दुकानातली माणसं हसली. मोहिनीचे कान तापले. घरी येऊन सांगितलं तर दिनेश म्हणाला, "नवीन चाकं आहेत, रुळतील. तुला त्या गाडीत खोटच काढायची असते." ट्रॅक्टरपासून आजवर तिच्या हाताखालचं एकही यंत्र तिच्या चुकीनं बिघडलं नव्हतं. आणि जे तिच्या तळहातांना रोज कळत होतं, ते खोटं ठरवायला या दोघांना गाडीत बसायचीही गरज वाटली नव्हती!

पुढच्या आठवड्यात सासूला, कलाबाईंना, गावाहून आणायला दोघं देवळ्याकडे गेले; दिनेशचं गावही तिथून जवळच होतं. परतताना मागे कांद्याची पोती, पोत्यांना टेकून सासू. भावडबारी घाटाच्या उतारावर पुढून टकटक ऐकू येऊ लागली. मोहिनीनं व्हॅन कडेला घेतली.

"काय व्हयनं व?" कलाबाईंनी मागून विचारलं.

"काही नाही आई. खडी उडत असेल," दिनेश म्हणाला. "चल गं, अंधार पडायच्या आत पोचू."

"मी उतरून बघितल्याशिवाय गाडी हलणार नाही."

ती उतरली. पुढच्या डाव्या चाकाचा एक नट गायब होता. उरलेले तिन्ही तिच्या बोटांनी फिरत होते. तिनं दिनेशचा हात धरून त्यातल्या एका नटावर ठेवला. नट फिरला. खालच्या वळणावरून एक ट्रक घरघरत वर येत होता. दिनेशनं आधी आईला हात धरून गाडीतून उतरवलं.

मग तो पायथ्याच्या गॅरेजातून पुंजा नावाच्या मेकॅनिकला घेऊन आला. पुंजानं चाक उतरवून दाखवलं. चाकाचं मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्या गोल तुंब्यावर बसतं त्यापेक्षा, मोठं, म्हणून चाक कधी मध्यावर बसतच नव्हतं. नटाचा उतार वेगळा, भोकाचा वेगळा. नट नुसता कडेवर टेकलेला. "हलणारच ते. आन् एवढं वजन पेलंल का, तेबी याच्यावर कुठं लिहेल नाय," पुंजा म्हणाला.

व्हॅनमधलं सुटं लोखंडी चाक, स्टेपनी, त्या जागी बसलं असतं, पण उरलेल्या तीन मॅगव्हीलवर सासूला बसवून घाट उतरायची मोहिनीची तयारी नव्हती. व्हॅन पुंजाच्या भरवशावर ठेवून तिघं एसटीनं घरी आले.

सकाळी ती दुकानात शिरली तेव्हा तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "माझी जुनी चाकं बाहेर काढ! घाटात चाक निघालं असतं तर माझ्या हातांना दोष देऊन मोकळा झाला असतास!"

शेखर गडबडला. "वहिनी, ओरडू नका. जुनी घेऊन जा, आणि ही माझी मला परत द्या. दुसऱ्या कोणाला तरी बसवून टाकीन."

"कोणाला?" मोहिनीनं विचारलं.

"टॅक्सीवाले नेतात की."

"म्हणजे माझ्याऐवजी दुसरं कोणी मरायचं?"

तिनं तिची चांगली तीन लोखंडी चाकं उचलायला लावली, पण मॅगव्हील परत दिली नाहीत. सुट्या चाकासकट चार पुरी झाली. पुंजानं टायर त्यांवर चढवले आणि व्हॅन घरी आली. सुट्याच्या जागी तिनं मापाचा आकडा वाचून नवीन चाक घेतलं.

मॅगव्हील दिनेशनं स्वतः अंबडमधल्या एका वर्कशॉपात नेली. "मोडीत देऊ?" त्यानं विचारलं.

"मोडीतून पुन्हा दुकानात येतील. काप."

ग्राइंडरच्या पात्याखाली चारही चाकांचे तुकडे होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. तिचा राग मात्र निवला नाही. शेखरचं दुकान चालूच होतं. डबे पोचवून परतताना दुकानापुढे कोणाची गाडी जॅकवर चढलेली दिसली, की ती व्हॅन थांबवून खिडकीतूनच मालकाला विचारायची, "मधलं भोक हबवर बसतंय का बघितलंत? नट नीट टेकतायत?"

काही जण हसत. काही जण खाली वाकून बघत. शेखरनं एकदा दिनेशला गाठलं. "भाऊ, वहिनींना आवरा. गिऱ्हाईक तुटतंय माझं."

"मग बरोबर चाकं विका," दिनेश म्हणाला आणि व्हॅनमध्ये मोहिनीच्या शेजारी जाऊन बसला.