आमच्या घरी काही कमी नाही

आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर घोड्यावर बसून बंगळुरात आले, असं आमच्या घरात लहानपणापासून सांगत. फौज पुढे तंजावरला गेली आणि आम्ही इथेच राहिलो. का राहिलो, ते कुणीच सांगत नाही. माझा अंदाज असा की आम्ही घोड्यावर बसणारे नव्हतोच, घोड्यांना हरभरे घालणारे होतो. एक दिवस हरभरे संपले आणि आम्हाला पुढे न्यायचं कुणाला कारण उरलं नाही. काही असो, मल्लेश्वरमच्या मागच्या अंगाला, रेल्वेच्या रुळांजवळच्या आमच्या दोन खोल्यांत त्या घोड्यांचा रुबाब तेवढा शिल्लक होता. गंमत म्हणजे तो सगळा आईकडे होता, जी लग्न होऊन या घरात आलेली.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कारखान्याला टाळं लागलं होतं. रोज सकाळी डबा घेऊन ते कामावर गेल्यासारखे निघत आणि फाटकासमोर बसून परत येत. मी बारावी करून टायपिंगच्या क्लासला जात होते आणि मिळवत काहीच नव्हते. पगार नाही म्हणजे सगळी भिस्त रेशनवर. पूर्वी रेशनच्या तांदळाला आई ‘कोंबड्यांचा तांदूळ’ म्हणायची. आता कोंबड्या आम्हीच होतो.

अण्णांना रिकामं बसवत नसे. कुठून तरी खोक्याच्या फळ्या आणून त्यांनी स्वयंपाकघरात एक मांडणी ठोकली. रॉकेलचा डबा खाली ठेवला तर कुणाचा धक्का लागेल, म्हणून तो सगळ्यात वर ठेवायचा, हे त्यांचं शास्त्र. मांडणी भिंतीला कितपत मान्य आहे, हे मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं. महिन्याचं रेशन आणून आम्ही खाली ठेवलं, पोत्यांची तोंडं सोडली, आणि डब्यात भरायला आई सूप घ्यायला गेली तेवढ्यात अख्खी मांडणी रॉकेलसकट खाली आली. तांदूळ, गहू, साखर, सगळं न्हाऊन निघालं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आमच्याकडे असा, दुपारच्या चहाच्या वेळेला आला.

आईने तांदूळ धुतले. वाळवले, पुन्हा धुतले, शिजवून पाहिले. एकेक घास खाल्ला आणि दिवसभर आम्ही रॉकेलचे ढेकर देत बसलो. अण्णा म्हणाले, “आता मला कुणी काडी दाखवू नका.” कुणी हसलं नाही.

आता महिना काढायचा कशावर? घरात नाचणीचं पीठ होतं, त्याचे मुद्दे, म्हणजे शिजवून वळलेले गोळे, दोन्ही वेळा. आणि आई अचानक फार देवभक्त झाली. सोमवारी शंकराचा उपास, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा, रविवारी सूर्याचा. बुधवार तेवढा कुठल्याच देवाने मागितलेला नव्हता, तर त्या दिवशी तिचं पोट बिघडायचं. आपल्या वाटचा मुद्दा ती आम्हाला वाढत होती, हे आम्हा दोघांना दिसत होतं. बोलायची सोय नव्हती. बोललं असतं तर तिने तेहतीस कोटींमधला आणखी एखादा देव काढला असता.

रेशनच्या दुकानदाराने सांगितलं, शिधा आगीत किंवा पाण्यात गेला तर ऑफिसात अर्ज करा, साहेब येऊन महजर करतात, आणि बदली शिधा मिळतो. पंचनाम्याला आमच्याकडे महजर म्हणतात. मी गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, आग की पूर? मी म्हटलं, मांडणी. अर्जावर मांडणीला जागा नव्हती. माझ्याकडे बराच वेळ बघून त्याने विचारलं, “रॉकेलला आग का लागली नाही?” जणू आम्हीच हयगय केली होती. शेवटी अर्ज घेतला आणि इन्स्पेक्टर गुरुवारी येतील म्हणाला.

इन्स्पेक्टर घरी येणार म्हटल्यावर आईच्या अंगात घोडे संचारले. सरकारी माणूस का होईना, पाहुणा. पाहुण्याला काय रॉकेलची घाण दाखवायची? तिने फरशी शिकेकाईने घासली. सांब्राणीचा असा धूर केला की आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात. दारात रांगोळी घातली. भिजलेलं पोतं उचलून न्हाणीघरात बंबामागे दडवलं. रॉकेलचं पोतं आणि पाणी तापवायचा बंब शेजारी शेजारी, म्हणजे अर्जातला आगीचा रकाना भरायची पूर्ण तयारी झाली. मी म्हटलं, “अगं, तेच तर त्याला बघायचंय!” ती म्हणाली, “बघेल. आधी स्वल्प खाऊ दे. पोटात गेल्यावर माणसाची नजर निवळते.”

खायला घालणार काय, हे मी विचारलं नाही, कारण ती तेव्हा भिंतीपलीकडच्या अक्कांच्या दारात होती. अक्का कानडी, वयाने आईच्याच आसपास, तोंडाने फटकळ, आणि गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतं हे वासावरून सांगणाऱ्या. त्यांच्याकडून साखर, दूध, कॉफीची पूड आणि स्टीलचे नवे पेले आले. कोपऱ्यावरच्या घरातून रवा, तूप, काजू. कशाला हवंय, तर “पाहुणे येणार आहेत.” गुरुवारी इन्स्पेक्टर आले तेव्हा त्यांच्यासमोर चौचौभात होता: एका बाजूला उपमा, दुसऱ्या बाजूला तुपाने थबथबलेला केसरीभात, म्हणजे केशरी शिरा, वर तळलेले काजू. नंतर फेस आलेली कॉफी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आमच्याकडे बघून केली असावी.

इन्स्पेक्टर मध्यमवयीन, घामाघूम, चांगल्या भुकेचे होते. आईला ‘अम्मा’ म्हणत होते. दोनदा केसरीभात घेऊन त्यांनी तृप्तीने विचारलं, “घरात काय काय कमी पडलंय, अम्मा?”

सगळं बोलणं कानडीत चाललं होतं, पण आईचा स्वभाव कुठल्याही भाषेत तोच. ती म्हणाली, “देवाच्या दयेने आमच्या घरी काही कमी नाही, सार.”

मी दाराआडून डोळे वटारले, हातवारे केले. तिने बघितलंच नाही. पाहुणा पाटावर असताना घरात धान्य नाही म्हणणं, हे तिच्या जिभेच्या नकाशात नव्हतं. अण्णा खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत होते. इन्स्पेक्टरांनी भिजलेल्या पोत्याचं विचारलं, तर ती म्हणाली, “ते काय बघता सार, न्हाणीघरात पडलंय, घाण नुसती.” एवढं खाल्ल्यावर न्हाणीघरात वाकून बघायची इच्छा कुणाला होते? “सरी, सरी,” बरं, बरं, म्हणत ते उठले आणि समाधानाने गेले.

आठवड्याने मी ऑफिसात गेले तर अर्ज नामंजूर. घरात पुरेसा शिधा आढळला, अर्जदाराच्या पत्नीने स्वतः तसं सांगितलं. तिथे आणखी काय लिहिलं होतं कोण जाणे. काजूंचा उल्लेख असता तरी मला नवल वाटलं नसतं.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा आई पीठ मळत होती. हात थांबले नाहीत. “जाऊ दे,” म्हणाली, “सरकारचं खाऊन कुणाचं भलं झालंय?” मला इतका संताप आला की मी परातीतलं पीठ उचलून तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, “हे संपल्यावर काय? घोडे खायचे?” भिंत पातळ होती. अक्कांनी ऐकलं आणि आल्या.

सगळं कळल्यावर अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “निमगे बुद्धी इदेया?” तुम्हाला अक्कल आहे का, हे त्यांनी आईला विचारलं, अण्णांना विचारलं, आणि मी टायपिंग शिकत असल्यामुळे मला वेगळं विचारलं. “माझी साखर खाऊन तो माणूस लिहितो की तुमच्याकडे साखर आहे!” त्यांचा खरा संताप तिथे होता. दुसऱ्या दिवशी त्या मला हाताला धरून ऑफिसात घेऊन गेल्या आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर इन्स्पेक्टरांना मोठ्याने म्हणाल्या, “सार, साखर माझी, रवा कोपऱ्यावरच्या घरचा, तूपही तिथलंच. तुम्ही प्यालात तो पेलासुद्धा माझा. त्या बाईचं तुम्ही काय खाल्लंत ते मला सांगा!” रांग हसली. इन्स्पेक्टरांचे कान लाल झाले. पुन्हा येतो, म्हणाले. पण ज्या सुरात म्हणाले त्यावरून येऊन आमचं भलं करतील असं वाटेना.

अक्कांनी आईला दम भरला. या वेळी पोतं बैठकीच्या मधोमध. रांगोळी नाही, सांब्राणी नाही. खायला नाही, कॉफी नाही, पाणीसुद्धा विचारायचं नाही. “तोंड उघडलंत तर बघा, अक्का,” त्या म्हणाल्या. त्या आईला अक्का म्हणत आणि आई त्यांना, त्यामुळे दोघींपैकी थोरली कोण हा प्रश्न त्या दिवशी निकालात निघाला.

इन्स्पेक्टर आले ते भर दुपारी, एप्रिलच्या उन्हात. पोतं मधोमध होतं. वास असा की डोळ्यांना पाणी यावं. इन्स्पेक्टर दारातच थांबले, रुमाल नाकाला लावला, पोत्यात बोट घातलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि एकेक डबा उघडू लागले. सगळे रिकामे. पण गेल्या खेपेलाही रिकामेच होते, आणि केसरीभात खाऊन त्यांना ते भरलेले वाटले होते. एकदा पोळलेला माणूस. “डबे कोणीही रिकामे करतं,” ते म्हणाले. “चांगला तांदूळ कुठे ठेवलाय? शेजारी?”

अण्णा काही बोलायला गेले आणि त्यांना खोकला आला. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता तोच शेरा पुन्हा लिहिणार, आणि आई एक दिवस उपास करता करता चुलीपुढे पडणार. मला इन्स्पेक्टरांचा राग आला, मांडणीचा आला, देवघरात ऐटीत बसलेल्या आमच्या सगळ्या देवांचा आला.

इन्स्पेक्टरांनी कपाळ पुसलं. “स्वल्प नीरु कोडी, अम्मा,” म्हणाले. थोडं पाणी द्या.

भिंतीपलीकडे अक्का कान लावून उभ्या होत्या, मला खात्री आहे. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: दे, नुसतं पाणी दे. ती आत गेली. पण उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी देणं आमच्याकडे नाही. बरोबर गूळ द्यायचा, मग तो वैरी का असेना. गुळाचा डबा कधीच खरवडून झाला होता. आई देवघरापाशी गेली. नैवेद्याच्या वाटीत एक खडा उरला होता, बोराएवढा, तागाचे धागे चिकटलेला. देवांना रोज तोच दाखवायची आणि परत ठेवायची. तोच तिने ताटलीत घातला, फुलपात्रात पाणी घेतलं आणि बाहेर आली.

ताटलीत दुसरं काही नव्हतं. मोठी, काठाची ताटली होती ती, आणि मधोमध तो खडा. इन्स्पेक्टर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी देवघराकडे पाहिलं, वाटी अजून तिरकी होती. आईने मान खाली घातली. केसरीभात वाढताना ताठ असलेली ती मान मी पहिल्यांदाच वाकलेली पाहिली, आणि मला ते सहन झालं नाही, मी खिडकीबाहेर बघू लागले.

त्यांनी खडा दाताने फोडला, अर्धा तोंडात ठेवला, अर्धा परत ताटलीत ठेवला. पाणी प्याले. तिथेच बसून मांडीवर कागद धरून लिहिलं, अण्णांची सही घेतली, माझी घेतली. तांदळाचं पुन्हा काही विचारलं नाही. “बर्तीनी, अम्मा,” येतो, म्हणून गेले. पुढच्याच आठवड्यात रेशनच्या दुकानात आमच्या नावावर बदली शिधा आला. त्यातली पहिली वाटीभर साखर आई अक्कांना परत द्यायला गेली आणि अक्कांनी ती तिच्या अंगावर टाकायची तेवढी बाकी ठेवली.

पण त्या दुपारी, ते गेल्यावर, ताटली जमिनीवर तशीच होती. परक्या पुरुषाचा उष्टा खडा. आमच्याकडे अण्णांच्या पेल्यातलं उरलेलं पाणीही आई तुळशीला घालत नसे, मोरीत ओतायची. मी ताटली उचलायला वाकले.

“राहू दे,” ती म्हणाली. तिने तो अर्धा खडा उचलला, आमच्याकडे पाठ केली आणि तोंडात टाकला. मग भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, “गूळ चांगला होता हो. बरं झालं, त्याला वाईट दिला गेला नाही.”