मंगळाचे फोटो आणि माझी पत्रिका

मंगळ मेलेला निघाला याचा आनंद झालेली अख्ख्या अकोल्यात मी एकटीच असेन. पासष्ट साली अमेरिकेचं यान, आत माणूस नाही काही नाही, मंगळाजवळून गेलं आणि त्यानं फोटो पाठवले. एकेक फोटो यायला आठ-आठ तास लागले म्हणे. ना कालवे, ना हिरवळ, नुसते खड्डे. मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची. सातवीच्या पोरी हिरमुसल्या. त्यांना तिथं कुणीतरी राहायला हवं होतं. मला नको होतं. माझ्या पत्रिकेत मंगळ आठव्या घरात, म्हणजे नवऱ्याच्या जिवावर उठणारा, आणि त्यापायी चार स्थळं परत गेली होती.

त्याच पावसाळ्यात अमरावतीच्या कॉलेजातले एक प्राध्यापक आमच्या वाचनालयात भाषणाला आले. मासिकातून कापलेले ते फोटो त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवून आणले होते. म्हणाले, "हा दगडांचा गोळा आहे. तिथं साधं शेवाळ सापडेल की नाही याचीच शंका, आणि आपण त्याला घाबरून पोरींची लग्नं अडवतो!" तळहात लाल होईस्तोवर मी टाळ्या वाजवल्या.

प्राध्यापक बिनलग्नाचे होते आणि आमच्याच जातीतले. मुख्याध्यापिकाबाईंनी शब्द टाकला. बाबांची तिवस्याला फुलशेती; फुलं विकता विकता लग्नाचा बाजारही त्यांना कळला होता. त्यांनी दर्यापूरच्या एका ज्योतिषाकडून माझी जन्मवेळ दोन तास आधीची करून नवी पत्रिका बनवून घेतली. मंगळ निमूट नवव्या घरात जाऊन बसला. पत्रिका जुळली, मुलगी पसंत पडली.

मला मात्र चैन पडेना. ज्याच्या भाषणाला आपण टाळ्या वाजवल्या, त्याच्याच घरात खोट्यानं शिरायचं? मी खरी पत्रिका पाकिटात घातली, सोबत चार ओळी लिहिल्या आणि बाबांना न सांगता पोस्टात टाकली. मूर्ख होते मी.

आठ दिवसांनी प्राध्यापक स्वतः शाळेत आले. व्हरांड्यात उभ्या उभ्याच बोलले.

"बाई, हे पत्र तुमी काहून पाठवलं? आईनं फोडलं ना ते. चांगली जुळून राहिली होती पत्रिका."

"पण तुम्ही तर मंगळाला मानत नाही."

"मी नाहीच मानत. आईले कोण समजावीन?"

"वाचनालयात सगळ्यांना समजावलंत की."

"ते भाषण होतं, बाई."

पत्रिका माझ्या हातात ठेवून, छत्री उघडून ते निघून गेले. बाबांना सांगितलं तेव्हा ते ओरडतील असं वाटलं होतं. ते ओट्यावर बसले. म्हणाले, "तुले शिकवलं, तेच चुकलं माह्यं." हे मला अजून बोचतं.

पुढं तेल्हाऱ्याचं स्थळ आलं, तेव्हा ती खोटी पत्रिका मीच माझ्या सुवाच्य अक्षरात उतरवून दिली. लग्न झालं. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, साधा आणि मायाळू. वर्षाच्या आत त्याला टायफॉईड झाला. तीन आठवडे मी त्याच्या उशाशी होते. मंगळावर काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं; फोटो मी डोळ्यांनी पाहिले होते. तरी थर्मामीटर झटकताना मनातल्या मनात मी त्या दगडांच्या गोळ्याची माफी मागायची.

ताप उतरला त्या सकाळी सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"पत्रिका पाहूनच केली होती म्या तुले," त्या म्हणाल्या. "तुह्या ग्रहानं वाचला माहा पोरगा."

मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्या दिवशी मला स्वतःची जी किळस आली, ती त्या प्राध्यापकाचीही कधी आली नव्हती.