तात्यांचा फुकटचा भराव

आमच्या थोरल्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, फुकट मिळालेल्या वस्तूत कधी खोट दिसली नाही. डिंगोरे गावात घराशेजारी त्यांची खोलगट जागा होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका ट्रकवाल्याने ती कुठल्याशा कारखान्याच्या पिवळसर मातीने भरून दिली. भाडंसुद्धा घेतलं नाही. हा माणूस एवढा उदार का, हा प्रश्न तात्यांना पडला नाही.

पावसाळ्यात भरावाच्या कडेने पिवळंधमक पाणी पाझरू लागलं. शेजारच्या म्हातारीने तो खंडोबाचा भंडारा ठरवून फुलं वाहिली. तात्यांनीही श्रेय नाकारलं नाही. त्या पाण्यात अनवाणी फिरून पाय चिघळले, तेव्हा कुठे त्यांना पुण्यात सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी पुतणी आठवली.

मी माती तपासली. धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यातला गाळ होता, क्रोमियमने भरलेला.

“तात्या, हे विष आहे. झिरपत विहिरीत जाईल.”

“पर ट्रकवाला लई चांगला माणूस व्हता गं.”

तो चांगला माणूस पुन्हा कुणाला दिसला नाही. तक्रार घेऊन गेले तर सरकारी कचेरीतल्या साहेबांनी चहा पाजला आणि कारखान्याचं नाव शोधून आणायला सांगितलं. शोधायचं काम त्यांचं असावं, असा माझा गैरसमज होता. विहिरीचं पाणी अजून चांगलं होतं, एवढाच दिलासा. आम्ही भरावावर कांद्याच्या चाळीतला प्लास्टिकचा कागद अंथरला, भोवती चर खणला आणि उन्हाळ्याची वाट पाहिली.

क्रोमियम जाळून संपत नाही, पुरून मुरत नाही. त्याला फक्त जागच्या जागी जखडता येतं. नारायणगावच्या द्राक्षवाल्यांकडे वेलींना घालायचं हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, मिळालं. काकूंच्या जुन्या डब्यांत मी ते पाण्यात विरघळवून थोड्या मातीत कालवलं. पिवळा रंग जाऊन हिरवट आला. मग चुना, मग सिमेंट. घट्ट झालेले गोळे पाण्यात भिजत ठेवले आणि ते पाणी प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. क्रोमियम जवळजवळ उतरलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की तो कुणाला सांगावा कळेना. काकू एवढंच म्हणाल्या, “माझं डबं गेलं.”

मग हातमोजे, गमबूट घालून सगळा भराव तसाच कालवला. वरून गिलावा केला. गावात कुणाचा नव्हता एवढा मोठा ओटा तयार झाला. तात्या त्यावर पाटलासारखे बसू लागले. मी बजावलं, “विष गेलेलं नाही, आत बांधून घातलंय. इथे खड्डा खणायचा नाही.”

ते त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलं. मुलीच्या लग्नात मांडववाल्याने ओट्यावर पहार उगारली आणि तात्या ओरडले, “आरं थांब! खाली इख हाय!”

ओट्यावर चहा पीत बसलेली वरपक्षाची मंडळी एकदम उठली.

“बसा की पावणं! माझ्या पुतणीनं इख बांधून घातलंय.”

पुतणी म्हणून मी पुढे झाले आणि वराच्या मामांना सगळं रसायनशास्त्र समजावून सांगितलं. त्याचा एवढा परिणाम झाला की मांडव शाळेच्या मैदानात गेला. लग्न मात्र लागलं.

त्यानंतर तात्यांनी ओट्यावर पाटी रंगवून घेतली: ‘येथे खणू नये’. महिन्याभरात खाली धन पुरलंय अशी बातमी पसरली आणि एका सकाळी ओट्याचा कोपरा फोडलेला सापडला. मी सुट्टी काढून आले. निघालेले तुकडे पुन्हा आत दडपून सिमेंट भरू लागले. तात्या वरून पाणी ओतत होते.

“पाटीवर खाली इख हाय आसं लिवू का?”

“लिहा की.”

“मंग धाकट्या पोराचं लगीन कुठं जमायचं गं?”

मी थापी फिरवत राहिले.