बेडकाचे डोळे आणि साळवेमामांचे

आमच्या झूलॉजीच्या लॅबमध्ये नुसतं उभं राहा, किस्सा आपणहून चालत येतो. हसायचं की डोकं आपटायचं, एवढंच आपण ठरवायचं. काम आमचं बेडकाच्या डोळ्यातल्या मास्ट पेशींवर. त्यांच्यातले बारीक कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचे. मायक्रोस्कोप पुण्यात, बेडूक आणि आम्ही नगर जिल्ह्यात!

*

डोळ्याचा तुकडा टिकवायला ऑस्मियम नावाचं रसायन लागतं. त्याची वाफ माणसाच्या डोळ्यांनाही सोडत नाही, म्हणून ते वाफ ओढणाऱ्या काचेच्या कपाटात हाताळायचं. आमच्या कपाटाचा पंखा बंद. मी आणि लॅब असिस्टंट साळवेमामांनी पंख्यासाठी अर्ज दिला. आठवड्याने शिपाई आला आणि कपाटात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवून गेला. कपाट वापरात नाही, हे ऑफिसला आमच्याच अर्जावरून कळलं होतं.

*

मामा मला ऑस्मियमच्या बाटलीजवळ फिरकू देत नसत. "मॅडम, तुमाला अजून लई वाचायचं हाय," म्हणायचे आणि बाटली उघडून खिडकीपाशी स्वतः बसायचे. पुढे त्यांना दिव्याभोवती कडं दिसायला लागलं. मी विभागप्रमुखांना सांगितलं. सर म्हणाले, वय झालं त्यांचं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

*

तपासणीची कमिटी आली तेव्हा गठ्ठे हलवले, काच पुसली. पंखा का फिरत नाही, असं एकाने विचारलंच. सर म्हणाले, "ऊर्जाबचत!" कमिटीने ते कौतुकाने लिहून घेतलं. सरांची कॉलर धरावीशी वाटली मला. धरली नाही. थिसिसवर सही त्यांचीच लागते.

*

पेपर छापून आला. सरांचं नाव पहिलं, माझं शेवटी, मामांचं कुठेच नाही. मी मामांना फोटो दाखवला. काळेभोर कण, प्रत्येकाभोवती पातळ कडं. मामांनी कागद नाकाला लावला आणि परत दिला. मग मीच सगळं वर्णन करून सांगितलं. मान डोलावत ऐकत होते.

*

गेल्या महिन्यात मामा रिटायर झाले. त्यांना काय द्यावं म्हणून ऑफिसने फाइल काढली, तर आमचा सहा वर्षांपूर्वीचा अर्ज सापडला. मग शाल, श्रीफळ आणि एक टेबल फॅन. सर भाषणात म्हणाले, साळवेंची जुनी मागणी आज पूर्ण झाली. टाळ्या वाजल्या. मामांनी खोका चाचपला, माझ्या आवाजाच्या दिशेने वळले आणि म्हणाले, "मॅडम, ह्यो लॅबच्या खिडकीत बसवा. आता तिथं तुमी बसनार."