दार नसलेलं घर

आमच्या शिंगणापूरच्या घराला चौकट होती, दार नव्हतं. परगावचे भाविक आ वासून बघायचे आणि हमखास विचारायचे, चोरी होत नाही का हो? आई त्यांना पाणी द्यायची आणि म्हणायची, बघा बरं, न्यायजोगं काय दिसतंय का. मला मात्र त्या प्रश्नाचा लहानपणापासून राग. दार नाही म्हणजे कुणीही घुसावं, असं थोडंच होतं? चौकटीला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा असायचा. येणारा अंगणात थांबायचा, खाकरायचा, "हाय का वं घरात?" म्हणायचा. आतून "या" आलं तरच पाय आत. नाहीतर आल्या वाटेनं माघारी. शेजारची चुलती विरजण मागायला आली, तरी आधी तिची हाक यायची, मग ती. वडीलसुद्धा शेतातून आले की पायरीशी खाकरायचे. स्वतःच्याच घरात! आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो आणि आई पदराआड हसायची.

लग्न होऊन मी भिंगारला आले. इथे दाराला दोन कड्या आणि वर बेल. पण बेल वाजवली की लोक आत शिरतातच, थांबत कुणी नाही. मला अजून त्याची सवय झालेली नाही.

दोन वर्षांपूर्वी आईचं पोट दुखायला लागलं. नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. आतड्यात गाठ निघाली, वाईट. वडील आधीच गेलेले, म्हणून डॉक्टरांनी भावाला बाहेर नेऊन सांगितलं, गाठ पूर्ण निघणार नाही, पण ऑपरेशन केलं तर काही महिने जास्त मिळतील; शौचासाठी पोटावर पिशवी मात्र कायमची लागेल. भावानं सही करून टाकली. वर मला तंबी, आईला काही सांगायचं नाही, ती हाय खाईल. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्याला ठाऊक. आमचं वाजलंच. पण त्याचे रडून लाल झालेले डोळे बघितले आणि मी गप्प बसले. त्याचा आईवर फार जीव. त्याला ती हवी होती, कशीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आईला सहज सांगून गेली, उद्या काही खायचं नाही, पोटाचं ऑपरेशन आहे. आई माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलणार, तेवढ्यात पलंगाभोवतीचा हिरवा पडदा सर्रकन बाजूला झाला. मोठे डॉक्टर, मागे शिकाऊ पोरापोरींचा घोळका. इंग्रजीत बोलणं चाललं, चादर निघाली, गाऊन वर गेला. आईनं डोळे गच्च मिटले आणि हातानं पदर चाचपत राहिली. त्या गाऊनला पदर कुठला? मला बघवेना.

घोळका गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आपल्या घराला दार न्हवतं, पर इचारल्याबिगर कुनी आत आलं न्हाई. उद्या माझं पोट फाडनार म्हनं. मला इचारलं का कुनी?"

मी तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले. तिथे माझं तोंड सुटलं, ते सुटलंच. डॉक्टर बिचारे गोंधळले. मुलानं सही केली आहे ना, म्हणाले. मी म्हटलं, पोट मुलाचं नाही.

दुपारी एक तरुण डॉक्टरीण आली. पडद्याबाहेरच थांबून तिनं विचारलं, "आजी, आत येऊ का?" आईनं चादर सारखी केली, टॉवेल डोक्यावरून घेतला, आणि पाहुणी आल्यासारखं "या बाई" म्हणाली. डॉक्टरीण स्टुलावर बसली आणि तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. आईनं दोनच गोष्टी विचारल्या. दुखणं कमी करता येईल का, आणि घरी राहता येईल का. गोळ्यांनी बरंच कमी होईल आणि घरी राहता येईल, असं कळल्यावर तिनं भावाला जवळ बोलावलं. "पिशवी नगं. मला घरी ने," म्हणाली. भाऊ लहान मुलासारखा रडला. पण त्यानं ऐकलं.

तो हिवाळा तिनं आपल्या घरात काढला, तशाच पडद्याआड. मीही तिच्यापाशी राहायला गेले. गोळ्या द्यायला भाऊ आला की वडिलांसारखा पायरीशी खाकरायचा आणि विचारायचा, आई, येऊ का? ती मुद्दाम त्याला जरा ताटकळत ठेवायची, माझ्याकडे बघून हसायची, मग म्हणायची, ये की. चांगले दिवस होते ते. दुखणं होतं, तरी चांगले होते.

एका सकाळी तो असाच खाकरला. मी आत तिचा हात धरून बसले होते. हात गार पडला होता.

"आई, येऊ का?"

आतून उत्तर गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. पडद्याखाली त्याचे पाय दिसत होते, पण पडद्याला त्यानं हात लावला नाही. तसाच थांबून राहिला.

मग मीच म्हणाले, "ये."